बाटलीतून परत मातीत

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगणारे बहुतेकदा मोटारींपासून सुरुवात करतात. स्कूटर, रिक्षा, ट्रक आणि मग चाकणपर्यंत पसरलेले परदेशी गाड्यांचे कारखाने. फुलांवरच्या बुरशीरोगांविषयीच्या या पुस्तकाची प्रस्तावना लिहिताना मला मात्र त्यांच्याही आधीच्या एका कारखान्याकडे जावं लागतं. पुणे-मुंबई रस्त्यावरची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पिंपरीकरांच्या तोंडी नुसती ‘एच. ए. कंपनी’. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं १९५४ मध्ये ती स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिथं पेनिसिलीन तयार होऊ लागलं. सार्वजनिक क्षेत्रातला हा देशातला पहिला औषध कारखाना. पेनिसिलीनची गोष्ट पुष्कळदा सांगून झाली आहे. त्याच आवारात मातीतल्या जीवांवर जे संशोधन चाललं होतं, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. आपल्या विषयाचा धागा तिथूनच निघतो.

कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख मां. जी. तिरुमलाचार हे मूळचे बुरशीशास्त्रज्ञ. पिकांवरचा तांबेरा आणि काणी हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. १९६१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस वंशातल्या एका जीवाणूपासून बुरशी मारणारं प्रतिजैविक मिळवलं. त्याचं नाव हॅमायसिन, आणि ज्या जीवाणूनं ते दिलं तो स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅटिन नामावळीत पिंपरी अशी जाऊन बसली. हॅमायसिन माणसांसाठी होतं. तोंडातल्या, कानातल्या, त्वचेवरच्या बुरशीसाठी. तीन वर्षांनी, १९६४ मध्ये, याच प्रयोगशाळेतून ऑरिओफंगिन आलं. ते पिकांसाठी वापरलं गेलं. भाताच्या करप्यावर त्याची फवारणी झाली. तंजावरकडे नारळाला मर लागली तेव्हा दोन ग्रॅम ऑरिओफंगिन आणि एक ग्रॅम मोरचूद १०० मिलिलिटर पाण्यात कालवून ते झाडाच्या जिवंत मुळाला पाजण्याची पद्धत निघाली. बुरशीच्या पेशीच्या पातळ आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा एक घटक असतो. ही औषधं त्याला जाऊन चिकटतात, आवरणाला भोकं पडतात आणि पेशीतला ऐवज बाहेर गळतो.

त्या पिढीचं तंत्र एका वाक्यात सांगता येतं. मातीतला उपयोगी जीव शोधायचा, त्याला पोलादी टाकीत वाढवायचं, त्यानं सोडलेलं रसायन गाळून, वाळवून पुडीत भरायचं आणि जीव फेकून द्यायचा. माणसांच्या औषधात या तंत्रानं लाखो प्राण वाचवले, त्याला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. शेतात मात्र त्याच्या मर्यादा लवकर उघड्या पडल्या. याच कारखान्याची स्ट्रेप्टोसायक्लीनची सहा ग्रॅमची पुडी महाराष्ट्रातल्या कुठल्याही डाळिंब बागायतदाराला विचारा. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लीन. डाळिंबावरचा तेल्या रोग जीवाणूंचा आहे, तेव्हा तिथं तिचा उपयोग निदान तर्काला धरून होता. पण ती बुरशीरोगाच्या फवारणीतही ‘असू दे, बरी’ म्हणून पडायला लागली. बुरशीला तिचा काडीचाही त्रास होत नाही. पानावरचे आणि मातीतले चांगले जीवाणू तेवढे मरतात आणि वाचलेले औषधाला सरावतात. माणसाच्या क्षयरोगावर वापरलेलं औषध पिकांवर शिंपडावं का, हा प्रश्न शेवटी सरकारदरबारी गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं ही जोडगोळी शेतीतून टप्प्याटप्प्यानं हद्दपार करण्याचं पाऊल उचललं.

हे पुस्तक त्याच वाटेनं उलटं चालतं. रसायन काढून जीव फेकण्याऐवजी जीवच मुळाशी नेऊन ठेवायचा आणि त्याला हवं ते रसायन हवं तेव्हा तिथंच करू द्यायचं. ऐकायला सोपं आहे. पण पुडीतलं रसायन उन्हात, थंडीत, उपाशी-तापाशी तेच काम करतं. जिवंत बुरशीला किंवा जीवाणूला मात्र खायला लागतं, ओल लागते, शेजारी चांगला लागतो. जैविक रोगनियंत्रण हे फवारणीपेक्षा गाईगुरं सांभाळण्याच्या जातीचं काम आहे, आणि ते फवारणीच्या हिशेबानं करायला गेल्यामुळेच आपल्याकडे ते इतक्या ठिकाणी फसलं, असं माझं ठाम मत आहे. पुढची सगळी प्रकरणं या एका गोष्टीभोवती फिरतात.

आता जागा. लोणावळ्याला धो धो कोसळणारा पाऊस कामशेत, वडगाव, तळेगाव करत चाकणला पोहोचेपर्यंत निम्म्याहूनही कमी होतो. या उतारावर, डोंगरातली तांबडी माती आणि पवनेचं पाणी हाताशी असलेल्या मावळात, डच गुलाबाची पॉलिहाऊसं उभी राहिली. एमआयडीसीनं तळेगावजवळ फुलशेतीसाठी वेगळं उद्यानच आखलं. तळेगाव दाभाड्याच्या हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटरमध्ये राज्यभरातले शेतकरी पॉलिहाऊसचं तंत्र शिकून गेले. २०१४ मध्ये फुलांवर संशोधन करणारं केंद्र सरकारचं संचालनालयही पुण्यात आलं. इथल्या गुलाबाचं वर्ष एका तारखेशी बांधलेलं असतं: १४ फेब्रुवारी. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत छाटणी आणि बेंडिंग करायचं, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ‘टॉप सिक्रेट’चे लाल दांडे कापणीला येतात आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विमानात बसतात. वर्षाची सारी मिळकत त्या पंधरा दिवसांवर.

आणि नेमके हेच दिवस बुरशीचे. दिवसा कोरडं ऊन, रात्री पारा घसरलेला, पहाटे प्लॅस्टिकच्या छताला आतून घाम सुटलेला. कोवळ्या पानांवर पांढरी भुरी चढते. पडदे वेळेवर उघडले नाहीत तर डाउनी मिल्ड्यू येते आणि दोन दिवसांत पानं गळून फांदी उघडी पडते. सगळ्यांत फसवा रोग म्हणजे बोट्रायटिस, म्हणजे करडी बुरशी. तिचा बीजाणू पाकळीवर रुजतो, एक बारीक ठिपका करतो आणि थांबतो. ग्रेडिंगच्या टेबलावर फूल निर्मळ दिसतं. शीतगृहातल्या दोन-तीन अंश तापमानातही ही बुरशी वाढू शकते, त्यामुळे खोका परदेशात उघडला की आतून तपकिरी कुजलेल्या कळ्या निघतात आणि पैसे कापल्याचा निरोप येतो. जरबेराला खोडाजवळची कुज, कार्नेशनला फ्युजेरियमची मर, ग्लॅडिओलसच्या कंदालाही फ्युजेरियमच. ही यादी पुस्तकात तपशिलानं आहे, इथं थांबतो.

पॉलिहाऊसमधला मर रोग समजायचा तर बेड कसा तयार होतो ते पाहायला हवं. तांबडी माती, शेणखत आणि भाताचं तूस मिसळून बेड भरतात, मग फॉर्मेलिन किंवा चांदीयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून माती निर्जंतुक करतात. रोगाचे बीजाणू मरावेत हा हेतू योग्यच आहे. मरतात मात्र सगळेच. अशी माती म्हणजे लोणावळा लोकलचा रिकामा डबा. आधी जो रुमाल टाकेल त्याची जागा. रोपांच्या मुळांबरोबर, बुटांच्या तळव्यांबरोबर, कालव्याच्या पाण्याबरोबर फ्युजेरियम आत आलं, तर त्याला अडवायला तिथं कुणी नसतं. जिवंत जमिनीत जो रोग दहा झाडं नेतो, तो निर्जंतुक केलेल्या बेडवर अख्खी ओळ नेऊ शकतो. निर्जंतुकीकरण झालं, वास गेला, की त्याच आठवड्यात आपली माणसं तिथं बसवायची असतात. बऱ्याच ठिकाणी ट्रायकोडर्मा आणला जातो तो पहिली रोपं पिवळी पडल्यावर. तोवर डबा भरलेला असतो.

ट्रायकोडर्माला आपल्याकडे ‘मित्रबुरशी’ म्हणतात. तिचं वागणं पहिल्यांदा नीट पाहिलं ते वाइंडलिंग या शास्त्रज्ञानं, १९३२ मध्ये. तिचे तंतू रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढे घालतात, भिंत विरघळवणारी विकरं सोडतात आणि आतला रस पितात. सूक्ष्मदर्शकाखालचं हे दृश्य इतकं नाट्यमय आहे की प्रत्येक माहितीपत्रकावर ते छापलेलं असतं. माझ्या मते त्यानं थोडं नुकसानही केलं. लोकांना वाटलं, ट्रायकोडर्मा म्हणजे शिकारी कुत्रा, सोडला की धरून आणेल. प्रत्यक्षात त्याचं बरंचसं काम अन्न आणि जागा बळकावण्याचं असतं. म्हणून तो नुसता पाण्यातून ओतण्यापेक्षा शेणखतावर वाढवून देण्यात शहाणपण आहे. चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड, हातात दाबलं तर आकार धरेल इतकीच ओल, सावली, वरून गोणपाट, अधूनमधून उलथापालथ. पंधरा दिवसांत ढिगावर हिरवट साय दिसते. मग तो बेडमध्ये शिदोरी घेऊनच उतरतो.

जीवाणूंची गोष्ट मला जास्त गुंतवते, कारण तिचा सगळ्यांत सुंदर प्रयोग एका फुलझाडावरच झाला. १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हॅन पीर, निमन आणि शिपर्स या तिघांनी गव्हाच्या मुळांवरून घेतलेला सुडोमोनासचा एक वाण कार्नेशनच्या मुळांना दिला. तोवर समज असा की हे जीवाणू मुळाभोवतीचं लोह ओढून घेतात आणि फ्युजेरियमची उपासमार करतात. ते खरंही आहे. १९८० पासून त्याचे पुरावे जमा होत होते. या तिघांनी मात्र एक वेगळीच चाल केली. जीवाणू मुळाशी ठेवले आणि मर रोगाची बुरशी नंतर थेट खोडात टोचली. दोघांची गाठच पडणार नाही अशी व्यवस्था. खोडात जीवाणू सापडला नाही, तरी रोग कमी झाला. शिवाय अशा झाडांत बुरशीविरोधी द्रव्यं जास्त साठलेली दिसली. मुळाशी बसलेल्या जीवाणूनं रोगाला हात न लावता झाडालाच सावध केलं होतं. वनस्पतींच्या प्रतिकारशक्तीच्या आजच्या अभ्यासाची एक मोठी शाखा या कार्नेशनच्या कुंड्यांतून फुटली.

फिनलंडमध्येही असंच काहीसं घडलं. तिथल्या दलदलीतल्या फिकट पीटमध्ये वाढवलेल्या रोपांना रोग कमी लागतो, हे ताहवोनेन या संशोधकानं टिपलं. कारण शोधता शोधता हाती आला तो स्ट्रेप्टोमायसिस वंशातलाच एक जीवाणू, पिंपरीवाल्याचा जवळचा भाऊबंद. त्यापासून औषध न काढता त्याचे जिवंत बीजाणूच वाळवून विकायला काढले गेले आणि कार्नेशनच्या मर रोगावर ते वापरले गेले. पिंपरीत ज्या घराण्यातून बाटली निघाली, त्याच घराण्यातून तिकडे बियाणं निघालं. तिरुमलाचारांच्या प्रयोगशाळेनं तपासलेल्या मातीच्या नमुन्यांतून आपल्याकडेही हे होऊ शकलं असतं, असं मनात आल्याखेरीज राहत नाही. पण त्या काळात देशाला पेनिसिलीनची गरज होती, कार्नेशनची नव्हे.

जमिनीखाली ही मंडळी बलवान, जमिनीवर त्यांची हुकमत कमी. पान म्हणजे ऊन, वारा आणि उपासमार. तिथं बॅसिलस हा जीवाणू त्यातल्या त्यात टिकतो, कारण तो जाड कवचाचे बीजाणू करतो आणि बुरशीच्या आवरणाला छेदणारी साबणासारखी द्रव्यं सोडतो. भुरीवर वाढणारी अँपेलोमायसिस नावाची बुरशी आहे. ती भुरीच्या तंतूंच्या आत शिरून तिथंच आपली बीजाणूंची कुपी बांधते. पण तिला दमट हवा लागते आणि आठवडाभराची सवड लागते. फेब्रुवारी तोंडावर आलेला शेतकरी इतकी सवड देत नाही, आणि त्याला दोष देणं अवघड आहे. बोट्रायटिससाठी कॅनडातल्या गुएल्फ विद्यापीठात क्लोनोस्टॅकिस या बुरशीवर झालेलं काम मला जास्त उपयोगी वाटतं, कारण त्यांनी फुलाकडे पाहण्याआधी कचऱ्याकडे पाहिलं. करडी बुरशी वाढते ती बेडवर पडलेल्या सुकल्या पाकळ्यांवर आणि छाटणीच्या खुंटांवर. तो कचरा आधीच मित्रबुरशीनं व्यापला, तर हवेत उडणारे बीजाणूच कमी होतात. छाटणीनंतर पाला उचलून पॉलिहाऊसबाहेर नेणं हे याच शास्त्रातलं पहिलं पाऊल आहे, आणि त्याला पुडी लागत नाही.

डाउनीबाबत वाचकाला फसवायचं नाही. तिला आपण बुरशी म्हणतो, पण ती वंशानं शैवालांच्या जवळची. तिच्या जातीचे जीव आवरणात अर्गोस्टेरॉल बाळगत नाहीत, म्हणून बुरशीवरची अनेक औषधंही तिच्यावर बोथट होतात. ती लागली की सूक्ष्मजीवांच्या भरवशावर बसू नये. हवा खेळती ठेवणं, पहाटेचं दव टाळणं आणि वेळेला योग्य रासायनिक औषध मारणं, हेच तिथं चालतं. जैविक उपायांचा प्रचार करणारे ही कबुली टाळतात आणि मग एका डाउनीच्या तडाख्यानंतर शेतकरी ट्रायकोडर्मालाही शिव्या घालतो.

शिव्या घालायला इतरही कारणं आहेत. ट्रायकोडर्माच्या भुकटीत ग्रॅमला किमान २० लाख जिवंत कण असावेत आणि सुडोमोनासच्या भुकटीत १० कोटी, असे नियम आहेत. कारखान्यातून निघताना ते असतीलही. नंतर ते पोतं एप्रिलमध्ये पत्र्याच्या दुकानात खतांच्या थप्पीखाली पडून राहतं. बॅसिलस हे सोसतो. सुडोमोनास बीजाणू करत नाही, तो काही महिन्यांतच ओसरतो, उन्हात त्याहून लवकर. शेतकऱ्याच्या हाती येते ती पांढरी टाल्क पावडर, आणि ती ठिबकमधून सोडली तर ड्रिपर चोंदतात हा अनुभव तेवढा नक्की येतो. म्हणून आळवणीच करावी, आणि पाकिटावरची किंमत वाचण्याआधी उत्पादनाची तारीख वाचावी. दुसरी गफलत टाकीतली. आज ट्रायकोडर्मा, परवा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी. म्हणजे पाहुण्याला जेवायला बसवून ताट ओढून घेणं. तिसरी, गुळाच्या पाण्यात पिंपभर ‘कल्चर वाढवणं’. उघड्या पिंपात आपला वाण वाढतो की भलतेच जीव, हे वासावरून कळत नाही.

रसायनं कमी करण्याचं आणखी एक कारण आहे, त्याकडे निर्यातीच्या चर्चेत क्वचित लक्ष जातं. फूल कुणी खात नाही, म्हणून भाजी-फळांसारख्या अवशेषांच्या मर्यादा त्याला लागू होत नाहीत. २०१६ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी फुलवाल्यांकडचे ९० गुच्छ तपासले तर त्यांत १०७ निरनिराळी कीडनाशकं निघाली. तिथं चिंता होती गुच्छ बांधणाऱ्या हातांची. आपल्याकडे ते हात मावळातल्या बायकांचे आहेत. सकाळी कापणी, दुपारी ग्रेडिंग, काटे काढणं, बंच बांधणं. फवारणी झालेल्या बंद छताखाली, बऱ्याचदा हातमोज्यांवाचून.

पॉलिहाऊसबाहेरही हा विषय आहेच. खेड तालुक्यात दसऱ्या-दिवाळीसाठी झेंडू आणि शेवंती घेणारा शेतकरी, जो टेम्पो भरून पिंपरीच्या फूलबाजारात येतो, त्याच्याजवळ पडदे नाहीत की शीतगृह नाही. पण त्याची जमीन निर्जंतुक केलेली नसते, तिच्यात मुळात वस्ती असते. त्याला थोड्या शेणखतावर वाढवलेल्या ट्रायकोडर्मानं आणि रोपं बुडवून लावण्यानं जे साधतं, ते पॉलिहाऊसवाल्याला दुप्पट खर्चात साधतं.

या पुस्तकातल्या मात्रा आणि वेळा प्रयोगांवर आधारलेल्या आहेत. तरी पवनानगरचा बेड आणि नवलाख उंब्र्याचा बेड एकसारखे वागणार नाहीत. तेव्हा वाचकाला एकच आग्रह. या डिसेंबरच्या छाटणीला सगळ्या पॉलिहाऊसभर मित्रबुरशी देऊ नका. दोन बेड मुद्दाम नेहमीच्या पद्धतीवर ठेवा, त्यांना दोरी बांधून खूण करा. मेलेली झाडं, फुटलेले बेसल शूट आणि जानेवारीअखेर ग्रेडिंगच्या टेबलावर बाजूला काढलेले दांडे, हे तीन आकडे दोन्हीकडचे वेगवेगळे लिहा, आणि दांडे बाजूला काढणाऱ्या बाईला कुठला बेड कुठला ते सांगू नका.